प्रमाणासाठी नवरा

दगडांचे फोटो काढणाऱ्या माणसांची एक अडचण असते. नुसत्या फोटोवरून दगड केवढा आहे ते कुणाच्या बापाला कळत नाही. मुठीत मावणारा खडा आणि बसएवढी दरड, दोन्ही फोटोत सारखीच ऐटीत बसलेली दिसतात. म्हणून भूविज्ञानातली माणसं फोटो काढण्याआधी दगडाशेजारी ओळखीची एखादी वस्तू ठेवतात. कुणी नाणं ठेवतं, कुणी पेन, कुणी हातोडी, आणि फोटोखाली लिहितात, 'प्रमाणासाठी: हातोडी', पुढे तिची लांबी. बाईंनी नवरा ठेवला.

बाई विद्यापीठात भूविज्ञान शिकवायच्या. नवरा शाळेत खेळाचा शिक्षक. त्याला सगळं गाव सर म्हणायचं, तेव्हा आपणही सरच म्हणू. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत बाई सरांना एका उघड्याबोडक्या कड्यापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा त्या पायथ्याशी उभे राहता? आणि हसू नका, हलल्यासारखं येतं." सर उभे राहिले ते पुढची पंचवीस वर्षं उभेच होते. कडा बदलला, कॅमेरा बदलला, सरांचे केस मागे हटत गेले, पण पोट आत घेऊन, छाती काढून, नाकासमोर बघत उभं राहण्याची ती तऱ्हा काही बदलली नाही. फोटोच्या दिवशी ते दाढी दोनदा करत. पाय घसरू नये म्हणून सपाट तळव्याचे कापडी बूट घालत, आणि लाल शर्ट, कारण राखाडी दगडावर तो उठून दिसतो असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

बाईंचा संशोधनाचा पेपर छापून आला की सर आधी स्वतःचा फोटो शोधत. खाली लिहिलेलं असे, 'प्रमाणासाठी: व्यक्ती, उंची १७५ सें.मी.' शेवटी आभारात त्यांचं नावही असे. सर ते पान शाळेत नेऊन शिक्षकांच्या खोलीत फिरवत. गणिताच्या मास्तरांनी एकदा विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय हो यात?" सर म्हणाले, "मी विज्ञानात उभा असतो."

खरं सांगायचं तर आजवर सर तिथे नावालाच होते. कडा अदमासे केवढा, एवढं वाचणाऱ्याला कळलं की त्यांचं काम झालं. हा नवा पेपर मात्र वेगळा होता.

गावाबाहेर नदीनं एक खोल घळ कोरली होती. तिच्या दोन्ही काठांवर ज्वालामुखीच्या जुन्या राखेचे थर होते, एकावर एक, घडी करून ठेवलेल्या चादरींसारखे. दोन्ही काठांवरचे थर एकाच ज्वालामुखीचे, एकाच वेळचे, असं बाई कितीतरी वर्षं सांगत होत्या. बाकीचे म्हणत, छे, डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. उजव्या काठावर दुसऱ्या एका गटानं बोअर मारून थर टेपनं मोजले होते. डावा काठ उभाच्या उभा तुटलेला. त्यावर चढायची सोय नाही. तेव्हा बाईंनी पायथ्याशी सरांना उभं करून फोटो काढले होते आणि सरांच्या उंचीवरून प्रत्येक थराची जाडी काढायची ठरवली होती. पुढे रस्ता रुंद करणाऱ्यांनी त्या कड्यावर काँक्रीट थापलं. आता जगात डावा काठ होता तो फक्त फोटोंत, सरांच्या पाठीमागे.

बाई या सत्राअखेर निवृत्त होणार होत्या. खोली जाणार, संगणक जाणार, नमुन्यांची कपाटं जाणार. मनासारखा एवढा एक पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला की मग मी खुशाल झाडांना पाणी घालीन, असं त्या म्हणत. सर मनात म्हणत, ही आणि झाडांना पाणी! पण पेपर आलाच पाहिजे असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. जोडीला बाईंचे एक सहकारी होते. संगणकावरचं मोजमाप त्यांच्याकडे. चहात साखर किती, असं विचारलं तरी ते दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं दशांश.

पेपर लिहिणं एक वेळ सोपं, पण तो पाठवणं म्हणजे नाकी नऊ. जर्नलची वेबसाइट एखाद्या खाष्ट सासूसारखी होती. आकृत्या पाठवल्या तर म्हणे पुसट आहेत. ठळक केल्या तर म्हणे फार जड झाल्या. सारांश दोन शब्दांनी लांबला म्हणून अख्खा पेपर परत. संदर्भांच्या यादीत सालानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम, यावर बाई आणि दशांश यांचं एक अख्खं रविवारचं भांडण झालं. सरांकडे काम होतं यादी मोठ्यानं वाचायचं. ते "स्वल्पविराम!" असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणत की शेजारच्यांना वाटे घरात कवायत चालू आहे.

शेवटी पेपर गेला, आणि काही महिन्यांनी परीक्षकांची पत्रं आली. ती सरांनीच वाचून दाखवली. पहिल्या परीक्षकाला सगळं आवडलं होतं, फक्त एक नकाशा रंगीत हवा होता. दुसऱ्याचं तसं नव्हतं.

"'डाव्या काठावरचा प्रत्येक थर उजव्या काठावरच्या थरापेक्षा सुमारे चार टक्के जाड भरतो,'" सर वाचू लागले. "'एखादाच थर जाड असता तर समजलं असतं. सगळेच, आणि सारख्याच प्रमाणात? याचं कारण द्यावं. नाहीतर दोन्हीकडचे थर एकच आहेत हे मान्य करता येणार नाही.'"

दशांश म्हणाले, "चार पूर्णांक सतरा शतांश. मलाही ते खटकलं होतं, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला खटकलं असेल."

उत्तर द्यायला जर्नलनं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती, आणि वर बजावलं होतं की ही शेवटची संधी. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग पडला. दशांशनी कॅमेऱ्याच्या भिंगाला दोष देऊन पाहिला. भिंग निर्दोष सुटलं. मग, उजवीकडचे थर वरच्या मातीच्या वजनानं दबले असतील का? तेही जमेना. आणि सोमवारी सकाळी बाई दात घासता घासताच बाहेर आल्या, ब्रश तसाच हातात, आणि ओरडल्या, "वारा!"

"काय झालं?" सर दचकले.

"अहो, वारा! दर उद्रेकाच्या वेळी वारा डाव्या काठाकडे वाहत होता. म्हणून तिकडे राख जास्त पडली. थर एकच, पण डावीकडे जाड. हजारो वर्षं एकाच दिशेचा वारा!"

सरांना ते ऐकूनच गार वाटलं. दशांश मात्र डोकं खाजवत होते. "मॅडम, प्रत्येक वेळी वारा नेमका तेवढाच? शतांशापर्यंत?"

"निसर्गाला शिस्त असते," बाई म्हणाल्या.

"आमच्या आठवीच्या वर्गापेक्षा बरीच," सर म्हणाले.

बाईंनी वाऱ्यावर चार पानं लिहून काढली. बाणांची एक सुंदर आकृती केली. त्या गुणगुणू लागल्या. हा वारा मूळ पेपराहून मोठा शोध ठरेल, असं त्या आता म्हणत होत्या. तरुणपणी कड्यांवरून धावत सुटायच्या तशा त्या घरभर धावत होत्या, आणि त्यांना बघून सरांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

गुरुवारी सरांच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी होती. वजन झालं, रक्तदाब झाला. नर्सनं त्यांना बूट काढून भिंतीवरच्या मापाला पाठ लावून उभं केलं आणि वरची पट्टी डोक्यावर टेकवली.

"एकशे सदुसष्ट," ती लिहून घेत म्हणाली.

सर हसले. "ताई, नीट बघा. एकशे पंचाहत्तर असेल."

"एकशे सदुसष्टच आहे."

"तुमची पट्टी खाली घसरली असेल."

"सकाळपासून सगळ्यांना बरोबर मोजतेय, तुमच्याच वेळी कशी घसरेल? बरं, या परत." सर परत उभे राहिले. मान ताणली, श्वास भरून घेतला. "टाचा खाली," नर्स म्हणाली. टाचा खाली आल्या, आणि आकडाही जिथे होता तिथेच आला.

"वयानं माणूस आखडतो म्हणतात," सरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"आखडतो ना. पण एवढं आखडायला तुम्हाला शंभरी गाठावी लागेल. याआधी कधी मोजली होती उंची?"

सर उत्तर द्यायला गेले आणि थबकले. कधी मोजली होती? कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात निवड झाली तेव्हा. पण तेव्हाही मोजली कुठे होती? प्रशिक्षक टेबलाशी बसून प्रत्येकाकडे एक नजर टाकत आणि आकडा ठोकून देत. 'समोरचा संघ यादी वाचूनच गळाठला पाहिजे,' असं त्यांचं धोरण होतं. संघातले बाकीचे पुढे आपापल्या खऱ्या उंचीवर परत आले. सरांना मात्र त्यांचा आकडा फार आवडला. पदरी पडलं आणि पवित्र झालं. पुढे ज्या ज्या अर्जावर उंचीची जागा दिसली तिथे त्यांनी तोच आकडा लिहिला, आणि इतक्यांदा लिहिला की तो खरा आहे याबद्दल त्यांना स्वतःला तिळमात्र शंका उरली नाही.

घरी येताना रस्त्यात त्यांनी हिशेब मांडून पाहिला. गणित त्यांचं यथातथाच, पण सामन्यातल्या गुणांचे शेकडे काढायची सवय होती. एकशे पंचाहत्तर आणि एकशे सदुसष्ट. शेकडा चारच्या वर. चार. दुसऱ्या परीक्षकाचं पत्र त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं. सर भर रस्त्यात उभे राहिले. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, मग शिवी दिली, तरी ते हलले नाहीत. हजारो वर्षं डाव्या काठाकडे वाहणारा तो वारा एका व्हॉलीबॉलच्या यादीतून सुटला होता.

न सांगितलं तर? कडा काँक्रीटखाली. वाऱ्याला पकडून कुणी साक्षीला उभं करणार नाही. पेपर छापून येईल, बाई खूश, सर एकशे पंचाहत्तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सांगितलं तर मुदत संपायला एक दिवस उरलेला असताना बाईंचा लाडका वारा मरणार, पेपरही कदाचित हातचा जाणार, आणि दशांशसमोर आपली शोभा होणार ती वेगळीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

घरात शिरले तर तिथे सोहळाच होता. दशांश संगणकापुढे, बाई त्यांच्या खुर्चीमागे. एकेक फाइल चढत होती, आणि आज ती खाष्ट वेबसाइटसुद्धा मुकाट्यानं सगळं घेत होती.

"आलात? बरं झालं," बाई म्हणाल्या. "एक दिवस आधीच आटोपलं बघा. आता फक्त बटण दाबायचं राहिलंय. ते तुम्हीच दाबायचं. पंचवीस वर्षं उभे राहिलात, आज बसा."

दशांशनी उठून खुर्ची दिली. सर बसले. पडद्यावर हिरवं बटण होतं. बाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता. त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"अगं, वारा नव्हता."

"काय नव्हता?"

"वारा. तो वारा नव्हता. मी होतो." आणि मग एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. नर्स, पट्टी, प्रशिक्षक, यादी. सांगताना ते कीबोर्डकडे बघत होते.

मग बाई म्हणाल्या, "उठा. भिंतीशी उभे राहा."

दशांशनी पोलादी टेप आणला. सरांनी पायातले बूट काढले, तेव्हा दशांशच म्हणाले, "थांबा, सर. फोटोत तुम्ही ते कापडी बूट घातलेत. तेच घाला." बूट पलंगाखालून निघाले. ते घालून सर भिंतीला चिकटले, बाईंनी त्यांच्या डोक्यावर एक जाड पुस्तक टेकवलं, आणि दशांशनी आकडा वाचला, "एकशे अडुसष्ट पूर्णांक शून्य."

"बघ, एक परत मिळाला," सर क्षीण आवाजात म्हणाले.

दशांश संगणकाकडे वळले. नवा आकडा घातला आणि डावीकडचे सगळे थर पुन्हा मोजायला लावले. पडद्यावर दोन रकाने आले, डावा काठ आणि उजवा काठ. बाई चष्मा चढवून वाचू लागल्या. पहिला थर, दोन्हीकडे तेवढाच. दुसरा थर, तेवढाच. तिसरा. बाईंचं बोट खाली सरकत गेलं, आणि सर त्या बोटाकडे बघत राहिले. शेवटच्या थरापर्यंत दोन्ही काठ असे जुळले की मधली नदी जणू उगीचच आलेली.

"मॅडम," दशांश म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी आकडा न सांगता वाक्य पुरं केलं, "हे बरोबर आहे."

बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "एवढी वर्षं! जगातला प्रत्येक दगड मोजला मी. आणि घरातला हा एक..."

"तू कधी मोजलंच नाहीस."

"जे ठाऊकच आहे ते कोण मोजतं? मला तुम्ही उंचच वाटत होतात."

वाऱ्याची चार पानं त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. बाणांच्या आकृतीपाशी त्या जराशा घुटमळल्या. सरांनाही वाईट वाटलं. "वारा छान होता गं," ते म्हणाले.

"छान होता. पण नव्हता." बाईंनी बटण दाबलं आणि आकृती गेली.

आता परीक्षकाला उत्तर लिहायचं होतं. दशांशनी मोघम वाक्य सुचवलं, 'प्रमाणातील त्रुटी दुरुस्त केली आहे.' बाईंनाही ते पसंत पडलं. "तेवढं पुरे," त्या सरांकडे न बघता म्हणाल्या. "कुणाची उंची आणि कुणी सांगितली, याच्याशी त्यांना काय करायचंय?"

सरांना कळलं की आपली लाज राखली जातेय. त्यांना बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासंही झालं. "नाही," ते म्हणाले. "त्यानं कारण विचारलंय, कारण सांगा. घ्या लिहून. 'छायाचित्रातील व्यक्तीची उंची त्या व्यक्तीच्या सांगण्यावरून धरली होती. ती व्यक्ती चुकीचं सांगत होती. आता तिला मोजलं आहे.'"

"अहो, हे पेपराबरोबर सगळीकडे जाईल. हे जर्नल परीक्षकांचे प्रश्न आणि आपली उत्तरंही छापतं. जन्मभर राहील ते."

"राहू दे. तुझे थर जुळले ना?"

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर करायची गरज नाही हे आता दोघांनाही ठाऊक होतं, तरी केली. मग त्यांनी ते वाक्य शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, फोटोखालचा आकडा बदलला, आणि हिरवं बटण सरांकडूनच दाबून घेतलं.

जर्नलचं उत्तर यायला काही आठवडे गेले. त्या दिवसांत सर शाळेत जरा वाकूनच चालत. गणिताच्या मास्तरांना वाटलं पाठ धरली असेल, त्यांनी एक तेलही सुचवलं. मग एका दुपारी बाईंचा फोन आला, "ताबडतोब घरी या," आणि सर शेवटचा तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून धावत सुटले.

पेपर स्वीकारला होता. पहिल्या परीक्षकाला रंगीत नकाशा आवडला होता. बाईंनी पत्र सरांच्या हातात दिलं. "दुसऱ्याचं वाचा. मोठ्यानं."

सरांनी घसा साफ केला. "'कारण समाधानकारक आहे. असं प्रामाणिक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. दोन्ही काठांचे थर एकच आहेत, हे आता मी मान्य करते.' करते? अगं, ही तर बाई आहे!"

"पुढे वाचा."

"'लेखकांचं उत्तर वाचून झाल्यावर मी माझ्या नवऱ्याला भिंतीशी उभं करून मोजलं. माझे दोन जुने पेपर मला आता दुरुस्त करावे लागतील.'"

बाईंनी टाळी वाजवली. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी भांडल्या ते मान्य झालं होतं. आता त्यांना हे सगळ्या जगाला सांगायचं होतं, आधी दशांशना, मग विभागप्रमुखांना, आणि त्या फोन शोधू लागल्या. सर मात्र पत्र उलटसुलट करून बघत होते. पाठीमागची कोरी बाजूसुद्धा त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"तिचा नवरा," सर म्हणाले. त्यांची पाठ आता चांगली सरळ झाली होती. "तो किती कमी भरला, ते लिहिलंच नाही हिनं."